तवेवाल्या बाबांचं रक्त

माझे सासरे नॉनस्टिक तवे विकायचे. दुकान टाकून नव्हे. एका कंपनीचे ते पश्चिम महाराष्ट्राचे प्रतिनिधी होते आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी हा सगळा मुलूख त्यांच्याकडे होता. महिला मंडळं, भिशीचे गट, दिवाळीची प्रदर्शनं, जिथे चार बायका जमतील तिथे ते छोटी शेगडी, पिठाचं पातेलं आणि लाकडी उलथनं घेऊन उभे राहायचे. तेलाचा थेंबही न टाकता धिरडं घालायचे. मग तवा जरा तिरका करायचा, की धिरडं आपण होऊन घसरत ताटलीत यायचं. त्या क्षणी बायका जो "अय्या!" करायच्या, त्या अय्यावर घर चाललं, माझ्या नवऱ्याचं इंजिनियरिंग झालं आणि त्या इंजिनियरिंगच्या जोरावर तो नेदरलँड्सला आला, हे बाबांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. आमच्या लग्नात प्रत्येक पाहुण्याला परतीची भेट म्हणून एकेक छोटा तवा दिला गेला. माझ्या माहेरचे काही लोक अजूनही त्या लग्नाला "तव्याचं लग्न" म्हणतात.

आम्ही आइंडहोवनला लागून असलेल्या बेस्ट नावाच्या गावात राहतो. नवरा चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या एका भागावर काम करतो. भाग कुठला, हे त्याने मला अनेकदा सांगितलंय आणि मी अनेकदा मान डोलावली आहे. मी घरातूनच, वरच्या खोलीत बसून, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. मुलगी अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र डचमध्ये येतं, आणि रागावली असेल तर इंग्रजीत.

नवऱ्याला रसायनांचं वेड लागलं ते इथल्या बातम्यांमुळे. नदीकाठच्या कारखान्यातून पाण्यात गेलेली, जमिनीत मुरलेली, कधीच विघटन न होणारी रसायनं. समुद्राच्या फेसात ती सापडतात, म्हणून किनाऱ्यावर मुलांना फेसात खेळू दिलं तर नंतर हात धुवायला लावा, अशा सूचना. रेनकोट, पिझ्झाचे खोके, गालिचे, आणि अर्थात नॉनस्टिक भांडी बनवताना वापरलेली. एके दिवशी ऑफिसमधून आला तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि घरातले सगळे नॉनस्टिक तवे कचऱ्याच्या डब्याशेजारी रांगेत ठेवले. त्यात आमच्या लग्नातला तवाही होता.

"हे तू बाबांना सांगणार आहेस?" मी विचारलं.

"हळूहळू सांगू," तो म्हणाला. आमच्या घरात हळूहळू म्हणजे तिसऱ्याने सांगेपर्यंत.

पुढच्या पुणे वारीत त्याने जुन्या बाजारातून एक बिडाचा तवा आणला. तो इतका जड होता की त्यापायी माझ्या दोन साड्या आणि लोणच्याची बरणी पुण्यातच राहिली. त्या तव्यावर पहिले सहा महिने एकही धिरडं अखंड निघालं नाही. खरवडून काढावं लागे. नवरा ते तुकडे मोठ्या समाधानाने खाई. "निदान कळतंय तरी की आपण काय खातोय," म्हणे. कळत मुळीच नव्हतं. ते धिरडं आहे की उपमा, हे मुलीला रोज विचारावं लागे.

निसर्गाकडे वळलेला माणूस एका तव्यावर थांबत नाही. आमच्या शेजारी एक सत्तरीच्या बाई एकट्या राहतात. शेजारणीला डचमध्ये बुरव्राउ म्हणतात, आम्हीही त्यांना तेच म्हणतो. त्यांच्या मागच्या बागेत चार गुबगुबीत कोंबड्या आहेत. बाई कधीमधी कुंपणावरून अंड्यांचा खोका द्यायच्या. नवऱ्याने त्या अंड्यांवर निष्ठाच ठेवली. दुकानातली अंडी बंद. सकाळी दोन उकडलेली, शनिवार-रविवारी आमलेट. "मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबड्या, माती उकरतात, किडे खातात. पिवळं बघ, कसं केशरी आहे!" मी अंडं आठवड्याला एखादं खाते, तेही कुणी करून दिलं तर. त्यामुळे निष्ठेचा सगळा भार त्याच्या एकट्यावर होता.

अशा घरात गेल्या वसंतात बाबा तीन महिन्यांसाठी आले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या होत्या आणि पुण्यात एकटं राहून ते फक्त दूध-पोह्यांवर जगतील अशी सासूबाईंना खात्री होती. बाबांनी बॅग उघडली. वर भाजणी, मेतकूट, मुलीसाठी चिक्की. तळाशी, दोन स्वेटरांत गुंडाळलेला, नवाकोरा नॉनस्टिक तवा.

"हा शेवटचा माल," ते म्हणाले. "निवृत्तीच्या दिवशी स्वतःसाठी ठेवला होता. म्हटलं, तुम्हाला होईल. तुमचा जुना कुठाय?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मुलीकडे बघितलं. मुलगी डचमध्ये म्हणाली, "माझ्या बाबांनी फेकला, कारण त्यात विष होतं." मग आजोबांना कळलं नाही म्हणून तेच इंग्रजीत म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या शेगडीवर दोन तवे होते. डावीकडे मुलाचा, उजवीकडे वडलांचा. मी मध्ये उभी राहून ज्याला त्याला त्याच्या त्याच्या तव्यावरचं धिरडं वाढत असे. मुलगी बेधडक उजवीकडचं खाई, कारण ते गोल असे.

जेवताना व्याख्यानं झडत. "कार्बन आणि फ्लोरीनची जोडी इतकी घट्ट असते, बाबा," नवरा सांगे, "की ऊन, पाणी, जंतू, कुणालाच ती तोडता येत नाही. अंगात गेली की रक्तातल्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि रक्ताबरोबर फिरत राहते. किडनी तिला गाळायला जाते आणि परत आत घेते. वर्षानुवर्षं."

बाबांनी घास खाली ठेवला. "म्हणजे तव्याला काही चिकटत नाही, आणि हे रक्ताला चिकटतं. तुम्ही इंजिनियर लोक एकदा बसून नक्की ठरवा बुवा."

"मी मस्करी करत नाहीये."

"मीही नाही. सदुसष्ट वर्षांचा आहे मी. तीस वर्षं रोज ह्या तव्यावरचं खाल्लंय, तीन जिल्ह्यांना खायला घातलंय. कुठाय ते तुझं विष? दाखव!"

हे आव्हान नवऱ्याने मनावर घेतलं. आधी तो आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे गेला. इथे डॉक्टरकडे जायचं तर आधी बरं होऊन जावं लागतं, असं आमच्या मित्रमंडळींत म्हणतात. आमच्या डॉक्टर उंच, शांत बाई आहेत. समोरच्याचं सगळं ऐकून घेतात आणि मग काहीच देत नाहीत. त्या म्हणाल्या, "हे माझ्या रक्तातही आहे, तुमच्याही असणार. मोजून काय करणार? यावर औषध नाही. तुम्ही सायकल चालवता ना? चालवत राहा."

नवरा सायकल चालवत घरी आला आणि त्याच दिवशी एका खाजगी प्रयोगशाळेकडून घरच्या घरी रक्त घ्यायची तीन पाकिटं मागवली. एक स्वतःला, एक मला, एक बाबांना. मुलीला नको, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर सगळं मांडलं. बोटाला टोचायचं आणि थेंब थेंब नळीत सोडायचे. एवढ्याशा कामासाठी नवऱ्याने सूचना मोठ्याने वाचल्या, हात गरम पाण्याने धुतले, मग पुन्हा वाचल्या. बाबा हे सगळं बघत होते. रक्त देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

ते इथे सांगायला हवं. बाबांचा रक्तगट ओ निगेटिव्ह. तरुणपणापासून पासष्टी गाठेपर्यंत त्यांनी जिथे मिळेल तिथे रक्त दिलं. शिबिर कुठल्या पक्षाचं, वाढदिवस कुठल्या साहेबांचा, हे कधी विचारलं नाही. घरात भेटीदाखल आलेले स्टीलचे डबे, भिंतीवरची घड्याळं, छत्र्या यांचा ढीग होता. एकदा प्रेशर कुकर मिळाला होता, पण तो प्रतिस्पर्धी कंपनीचा निघाला म्हणून बाबांनी तो स्टेजवरच परत केला. वय झालं म्हणून रक्तपेढीने थांबवलं, तेव्हा निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं एवढं वाईट त्यांना वाटलं होतं.

तर बाबांनी आपलं बोट पुढे केलं, टचकन टोचलं, नळी भरली, झाकण लावलं आणि चहा मागितला. माझंही झालं. नवऱ्याने टोचलं, बोटावर आलेला लाल थेंब पाहिला आणि "एक मिनिट हं," असं अगदी सभ्यपणे म्हणून खुर्चीवरून घसरायला लागला.

"पाय वर करा याचे!" बाबा ओरडले. आम्ही त्याला सोफ्यावर आडवा केला. बाबांनी एका हाताने त्याचे पाय उशीवर धरले आणि दुसऱ्या हाताने, थेंब वाया जाऊ नये म्हणून, त्याचं बोट नळीवर धरून हलके हलके दाबत राहिले. "लहानपणी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतानाही असंच केलं होतंन यानं," ते मला म्हणाले. "दवाखाना गोळा झाला होता." नवरा डोळे मिटून म्हणाला, "बाबा, प्लीज." पण पाय त्याने काढून घेतले नाहीत.

निकाल काही आठवड्यांनी ईमेलने आला. तिघांच्याही रक्तात ते होतं. माझं मध्यम. नवऱ्याचं आमच्यात सगळ्यात जास्त, निकालातल्या रंगीत पट्टीवर चांगलं केशरी रंगात गेलेलं. आणि सगळ्यात कमी, हिरव्याच्या जेमतेम पुढे, तवेवाल्या बाबांचं.

नवऱ्याने नावांची अदलाबदल झाली असेल असं म्हणून प्रयोगशाळेला ईमेल केला. झाली नव्हती.

बाबा उठले. आधी त्यांनी शांतपणे भाजणी भिजवली. तवा तापवला. धिरडं घातलं, आणि आम्ही सगळे बघतोय याची खात्री करून तवा तिरका केला. धिरडं सुळ्ळकन ताटलीत आलं. मुलीने टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी पुण्यातल्या आणि सांगलीतल्या सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले. "हॉलंडच्या लॅबनं सर्टिफाय केलंय," असं ते सांगत होते. कंपनी बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती; तरी पलीकडून अभिनंदन झाल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

नवऱ्याने मात्र दोन दिवस शोध घेतला. पाणी तेच, हवा तीच, घर तेच. मासे आम्ही क्वचित खातो. मग बायकोपेक्षा आपलं इतकं जास्त का? निकालासोबतची माहिती वाचता वाचता तो एका ओळीवर थांबला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. घरी पाळलेल्या कोंबड्या माती उकरतात, गांडुळं खातात. मातीतलं सगळं अंड्यात, विशेषतः पिवळ्यात, उतरतं. म्हणून अशी अंडी खाऊ नयेत, असा सरकारी सल्ला या देशात आधीच दिलेला आहे. दुकानातली अंडी चालतील.

"केशरी होतं गं ते पिवळं," तो म्हणाला. कुणी गेल्याचं सांगावं तसं.

आता प्रश्न शेजारणीचा. त्या बाई प्रेमाने अंडी देतात. त्यांना सांगायचं कसं? आपला माणूस अशा वेळी सांगत नाही, टाळतो. आम्ही अंडी घेत राहिलो आणि फ्रीजमध्ये साठवत राहिलो. खोक्यावर खोका चढला. भाज्या टेबलावर आल्या. मग एका दुपारी बुरव्राउ कुंपणापाशी नवा खोका घेऊन उभ्या होत्या आणि मुलगी सायकल ठेवत होती. मी खिडकीतून बघतेय तोवर मुलीने त्यांना घडाघडा सगळं सांगून टाकलं.

मी धावत बाहेर गेले. तोंडावर माफीचं हसू तयार होतं. बाई मुळीच रागावलेल्या नव्हत्या, बुचकळ्यात पडल्या होत्या.

"पण हे तर मी तुमच्या नवऱ्याला केव्हाच सांगितलंय," त्या म्हणाल्या. "बातमी आली त्याच आठवड्यात. मी स्वतः खात नाही म्हटलं, फेकून देणार होते. ते म्हणाले, हो हो, छान, द्या! मला वाटलं, इंजिनियर आहेत, त्यांनी विचार केला असेल."

नवऱ्याचं डच ज्या पातळीचं आहे, त्या पातळीवर समोरचा काही लांबलचक बोलला की "या, या, लेकर!" म्हणजे "हो, हो, चविष्ट!" म्हणायचं असतं. त्याने तेच म्हटलं होतं. म्हणजे गेले कित्येक महिने बाई आपल्या कोंबड्यांचा दूषित माल, दोन्ही पक्षांच्या संमतीने, आमच्याकडे पाठवत होत्या. संध्याकाळी हे कळल्यावर बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मला पाठ थोपटावी लागली. नवरा पंधरा मिनिटं बाथरूममध्ये होता. बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, संध्याकाळचे डचचे वर्ग अजून चालू आहेत का.

त्या निकालाचा कागद घेऊन तो पुन्हा डॉक्टरांकडे गेला. या वेळी मी आणि बाबाही गेलो. बाबांना, त्यांच्या शब्दांत, "सत्कारासाठी" यायचं होतं. डॉक्टरांनी आकडे बघितले. नवऱ्याला म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, अंडी बंद केलीत ना, आता हळूहळू उतरेल, काही वर्षं लागतील. बाबांना म्हणाल्या की घरातल्या तव्यामुळे रक्तात फारसं काही जात नाही. खरा प्रश्न ते बनवणाऱ्या कारखान्यांचा, तिथल्या पाण्याचा आणि मातीचा. बाबांनी मुलाकडे असं बघितलं की खोलीत एक अदृश्य धिरडं घसरून गेलं.

"आणि तुमचं इतकं कमी का?" डॉक्टर म्हणाल्या. "शाकाहारी आहात? तेही असेल. एकट्याच्या आकड्यावरून नक्की सांगता येत नाही. रक्त वगैरे देता का तुम्ही?"

"चाळीस वर्षं!" बाबा ताठ झाले.

"मग त्यामुळेही. हे रक्तातच राहतं, त्यामुळे रक्त गेलं की त्याच्याबरोबर थोडं बाहेर जातं. बायकांचंही म्हणून कमी असतं. पाळी, बाळंतपण." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मुलीला अंगावर पाजलंत? त्यातूनही गेलं असेल काही. पण आईच्या दुधाचे फायदे त्याहून कितीतरी मोठे आहेत, ते मनाला लावून घेऊ नका."

मी लावून घेणारच होते, पण तेवढ्यात माझं बाबांकडे लक्ष गेलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला होता.

घरी येताना ते माझ्या बरोबरीने चालत होते. नवरा सायकल ढकलत पुढे गेला होता. कालव्याच्या कडेने बदकं चालली होती. बाबा म्हणाले, "म्हणजे माझं कमी आहे, कारण मी ते दुसऱ्यांच्या अंगात घातलं."

"बाबा, असं कुठे म्हणाल्या त्या?"

"तेच म्हणाल्या. अर्थ तोच." थोडं चालून पुन्हा, "इस्लामपूरला एक बाई होती. बाळंतपणात रक्त जात होतं. मला हॉस्पिटलातनं फोन आला, मी तव्यावरचं धिरडं तसंच टाकून स्कूटरवर गेलो. नंतर तिचा नवरा प्रदर्शनात पेढे घेऊन आला होता, मुलगी झाली म्हणून. ती मुलगी आता मोठी असेल. तिच्या आईच्या रक्तात…" त्या रात्री त्यांनी जेवण नको म्हटलं. शेगडीवर दोन्ही तवे कोरडे राहिले. नवऱ्याला दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरताना मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांच्या फोनच्या वेळेत मी फोन लावला. मदतनीस म्हणाली, तक्रार काय आहे? मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांना अपराधी वाटतंय. तिने विचारलं, कधीपासून? पण शेवटी तिने फोन जोडून दिला. मी स्पीकर लावला, बाबांना समोर बसवलं आणि इस्लामपूरची गोष्ट सांगितली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग इंग्रजीत, बाबांना कळेल अशा बेताने, म्हणाल्या, "सर, त्या बाईंच्या अंगात त्या दिवशी रक्तच उरलं नव्हतं. आणि ज्याच्या रक्तात हे अजिबात नाही असा माणूस मला या गावात सापडणार नाही, तुमच्याही गावात नाही. रक्तपेढीने मग कुणाकडून घ्यायचं? ती मुलगी आज आहे. तिच्याही रक्तात ते असणार, कुणाकडून का आलेलं असेना. पण ती आहे. आणखी काही?"

"नो, थँक यू, डॉक्टर मॅडम," बाबा म्हणाले. फोन बंद झाला. ते डोळे पुसून मला म्हणाले, "कालचा भात आहे का? दही घाल त्यात. मिरची तळ. दोन तळ."

तो दहीभात संपायच्या आत त्यांनी नवीन मोहीम हाती घेतली होती. "डॉक्टरीणबाई म्हणाल्याच ना, रक्त दिलं की उतरतं. मग याला द्यायला सांग."

नवरा म्हणाला, विचार करतो. बाबांनी त्याला विचार करायला वेळ दिला नाही. इथे पहिल्या भेटीत रक्त घेतच नाहीत. प्रश्न विचारतात, तपासणीपुरतं थोडं काढून घेतात आणि बोलावतात. तेवढ्यासाठी आम्ही चौघं आइंडहोवनच्या रक्तपेढीत गेलो. नर्स नवऱ्याला डचमध्ये प्रश्न विचारत होती. तो प्रत्येक प्रश्नाला "सावकाश, प्लीज" म्हणत होता आणि एकाही प्रश्नाला "लेकर" म्हणत नव्हता. शेवटी त्याने स्वतःहून सांगितलं की माझ्या रक्तात हे जरा जास्त आहे, चालेल का? नर्स म्हणाली, त्यासाठी आम्ही कुणाला परत पाठवत नाही.

मग तो खुर्चीत रेलला आणि बाही वर केली. बाबा पायांच्या बाजूला, आपल्या जागी, जाऊन उभे राहिले. सुई जाताना नवऱ्याने बाबांच्या शर्टाच्या बटणाकडे एकटक बघितलं आणि बाबा त्याला कोल्हापूरच्या एका प्रदर्शनाची गोष्ट सांगत राहिले, ज्यात एका बाईने भर गर्दीत नॉनस्टिक तव्यावर स्टीलचं उलथनं चालवलं होतं. गोष्ट संपली तोवर नळ्या भरल्या होत्या. रंग पांढराफटक, पण शुद्धीवर.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं की रे," बाबा म्हणाले आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. चाळिशीच्या मुलाच्या केसांतून, भर रक्तपेढीत. दोघंही लगेच दुसरीकडे बघायला लागले.

बाहेरच्या टेबलावर कॉफी आणि बिस्किट मिळालं. बाबा इकडेतिकडे बघत राहिले. "बस? एवढंच? साधा डबासुद्धा नाही? श्रीमंत देश म्हणायचा आणि…" मुलीने स्वतःचं बिस्किट त्यांना दिलं, तेव्हा कुठे ते गप्प झाले.

बाबा जूनच्या शेवटी परत गेले. तवा इथेच ठेवून गेले, वापरायची सक्ती नाही म्हणाले. नवरा आता वेळेवर रक्त देतो आणि आठवडाभर आधीपासून कुरकुरतो. बुरव्राउच्या कोंबड्या आहेत तशाच आहेत. अंडी बाई कचऱ्यात टाकतात आणि कोंबड्यांशी त्याबद्दल बोलत नाहीत. रक्त पुन्हा तपासून घ्यावं असं नवऱ्याला मधूनमधून वाटतं. मी त्याला सायकल दाखवते.

मुलीला शाळेत वर्गापुढे उभं राहून भाषण द्यायचं होतं, प्रत्येकाने आपल्या आवडीचा विषय निवडून. बाकीच्यांनी घोडे, फुटबॉल, ससे घेतले. हिने आमचं रक्त घेतलं, आणि तिघांचे निकाल, रंगांसकट, आमची परवानगी न घेता पडद्यावर दाखवले. घरी येऊन मला म्हणाली, "आई, वर्गातल्या बाईंनी विचारलं, तुझ्यात किती असेल? मी सांगितलं, मोजलं नाही, पण थोडं आईकडून आलंय."

मी विचारलं, "तुला राग आला का गं?"

तिने विचार केला. मग चक्क मराठीत, शब्द शोधत शोधत म्हणाली, "नाही. नाक बाबांकडून आलंय, त्याचा जास्त राग येतो." आणि हॉकी स्टिक घेऊन, चिक्कीचा एक तुकडा तोंडात टाकून, सायकलवर बसून निघून गेली.